आधी ओळ, मग अर्थ: आधुनिक इंग्रजी कवितेच्या सेमिनारची तयारी

नाशिकच्या कुठल्याही कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.ए.ला पोचलेल्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. सूचनाफलकावर यादी लागते, नावासमोर एक कविता असते, आणि आठवड्याने पंधरा मिनिटं बोलायचं असतं. मग बाकीचे प्रश्न विचारणार. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून एसटीने येणारं, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं पोर सगळ्यात आधी गाइड शोधतं. गाइडात कवीचा जन्म, सारांश, 'थीम' आणि पाच प्रतीकं असतात. ती पाठ होतात, वर्गात म्हणून दाखवली जातात, आणि "हे कितव्या ओळीत आहे?" या पहिल्याच प्रश्नाला सगळा डोलारा कोसळतो.

हा लेख त्या एका आठवड्यासाठी आहे. अर्थ सांगायची घाई करू नका, आधी कागदावर काय छापलंय ते बघा, हे त्यात पुन्हापुन्हा येईल. मराठी माध्यमाचा न्यूनगंडही बाजूला ठेवा. दोन भाषा येणाऱ्याला कवितेचे सांधे लवकर दिसतात. कसे, ते पुढे येईलच.

कविता कोणती घ्यावी

निवड तुमच्या हातात असेल तर तीस ओळींच्या आतली कविता घ्या. लहान कविता सोपी असते म्हणून नव्हे (बहुतेकदा नसतेच), तर ती एका कागदावर मावते आणि वर्गातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी राहते म्हणून. विल्यम कार्लोस विल्यम्सची 'द रेड व्हीलबॅरो' (१९२३) आठ ओळींची, सोळा शब्दांची. एझरा पाउंडची 'इन अ स्टेशन ऑफ द मेट्रो' (१९१३) तर दोनच ओळींची, चौदा शब्दांची. तिच्यात एकही क्रियापद नाही. रॉबर्ट फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वुड्ज ऑन अ स्नोई ईव्हनिंग' (१९२३) सोळा ओळींची, येट्सची 'द सेकंड कमिंग' बावीस, विल्फ्रेड ओवेनची 'डुल्के एट डेकोरम एस्ट' अठ्ठावीस. पहिल्यांदा बोलणाऱ्याने यांतली एखादी घ्यावी. फ्रॉस्ट सगळ्यात सोयीचा, विल्यम्स सगळ्यात फसवा.

एलियटची 'द वेस्ट लँड' (१९२२) ४३४ ओळींची आहे. ती अख्खी पंधरा मिनिटांत सांगायला घेणं म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा मधल्या सुट्टीत करायला निघणं. नावासमोर तीच आली असेल तर सरांना किंवा मॅडमना विचारून एक तुकडा मागून घ्या. तिचा चौथा भाग फक्त दहा ओळींचा आहे.

कागद तयार करा

मोबाइलवर वाचून सेमिनार होत नाही. पडदा अरुंद असतो, लांब ओळ त्यात मावत नाही, उरलेले शब्द आपोआप खाली सरकतात आणि कवीनेच ओळ तिथे तोडली असं वाटतं. त्या न तोडलेल्या ओळीवर दोन मिनिटं बोलणारे विद्यार्थी असतात. नेटवरच्या नकलांमध्ये कडव्यांमधली मोकळी जागाही बऱ्याचदा गायब झालेली असते.

म्हणून ए-फोर कागदावर, ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवून, उजवीकडे निदान दोन इंच समास सोडून कविता छापून घ्या. दर पाचव्या ओळीला आकडा टाका. तीन झेरॉक्स काढा: एक तालाच्या खुणांसाठी, दुसरी शब्द आणि व्याकरणासाठी, तिसरी कोरी. ती सेमिनारच्या दिवशी हातात राहील.

छापण्याआधी पाठ ताडून घ्या. कॉलेजच्या ग्रंथालयात नॉर्टनचा संग्रह किंवा त्या कवीची छापील आवृत्ती असेल तर तिच्याशी. नसेल तर १८४० साली स्थापन झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे चौकशी करा. हा किचकटपणा कशासाठी, ते फ्रॉस्टच्या एका स्वल्पविरामावरून कळतं. 'स्टॉपिंग बाय वुड्ज'च्या शेवटच्या कडव्यातलं वन 'लव्हली, डार्क अँड डीप' आहे. स्वल्पविराम एकच, 'लव्हली'नंतर. म्हणजे वन सुंदर आहे, आणि ते कशाने, तर गडद नि खोल असल्याने, असाही अर्थ निघतो. १९६९ साली आलेल्या संपादित आवृत्तीत 'डार्क'नंतरही स्वल्पविराम टाकला गेला, आणि तीन विशेषणं किराणा मालाच्या यादीसारखी एका रांगेत बसली. फ्रॉस्ट तेव्हा हयात नव्हता. दोन्ही पाठ आजही फिरतात, तेव्हा तुमच्या कागदावर कोणता आहे ते ठाऊक हवं. मेरिअन मूर या कवयित्रीने तर स्वतःचीच 'पोएट्री' ही कविता १९६७ च्या संग्रहात तीन ओळींवर आणली. वर्गात एकाच्या हातात लांब पाठ आणि दुसऱ्याच्या हातात तीन ओळी असल्या तर चर्चा कशी होणार?

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी शब्दकोश नाही, गाइड नाही. कविता मोठ्याने तीनदा वाचा. घरात लाज वाटत असेल तर संध्याकाळी गोदाकाठी जाऊन वाचा, तिथे कोणी वळूनही बघत नाही. पहिल्या वाचनात फक्त अडखळलेल्या जागी पेन्सिलने टिंब द्या. दुसऱ्यात ओळ संपली तरी वाक्य संपलं नसेल तर न थांबता पुढे जा. तिसऱ्यात विरामचिन्हांवरच थांबा. एवढ्यावरून एक गोष्ट हाती लागते: ओळ आणि वाक्य कुठे एकत्र संपतात आणि कुठे एकमेकांना सोडून जातात. याला एन्जांबमेंट म्हणतात. ओळीच्या पोटातल्या थांब्याला सिझ्युरा म्हणतात. आपल्या छंदशास्त्रातली यती हीच त्याची जवळची बहीण.

उच्चारांचे काही खड्डे आधीच बुजवून ठेवा. कीट्स 'कीट्स'च, पण येट्स हा 'येट्स', 'यीट्स' नव्हे. पाउंडच्या कवितेतली फांदी 'बाउ'. येट्सचा चक्राकार 'जायर'. कवीच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं येट्स, एलियट, फ्रॉस्ट तिघांचीही आहेत. ती ऐका, पण स्वतःची तीन वाचनं झाल्यावर. आधी ऐकलं की कान त्यांचाच होतो.

दुसऱ्या दिवशी व्याकरण. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि नेमके इथेच घसरतात. कविता ओळी मोडून गद्यासारखी सलग लिहून काढा. मुख्य क्रियापद शोधून त्याखाली दोन रेघा मारा, त्याचा कर्ता कोण ते बाणाने दाखवा. 'रेड व्हीलबॅरो' अशी लिहिली की दिसतं, ती सगळी एकच वाक्य आहे आणि त्यात पूर्ण क्रियापद एकच: डिपेंड्स. बाकी सगळं त्याला लोंबकळत आहे. अवलंबून असण्याबद्दलच्या कवितेत सगळे शब्द एका क्रियापदावर अवलंबून आहेत, हे वाक्य गाइडात सापडणार नाही. ते तुमचं झालं.

मग शब्दकोश. माहीत असलेले शब्दही बघा, कारण शब्द जुने होताना अर्थ बदलतात. फ्रॉस्टच्या घोड्याला थांबणं 'क्विअर' वाटतं. १९२३ मध्ये त्याचा सरळ अर्थ विचित्र. आजच्या अर्थाने वर्गात खसखस पिकते आणि चर्चा भरकटते. शब्दाला चार अर्थ असतील तर चारही समासात लिहा, लगेच तीन खोडू नका.

ताल: इथे मराठी कान फसतो आणि इथेच कामाला येतो

आपल्या वृत्तांचा हिशेब लघु-गुरूचा. मनाचे श्लोक घ्या. समर्थांनी तप केलं ती टाकळी नाशिकमध्येच आहे, तेव्हा उदाहरण घरचं. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा': बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गण, वृत्त भुजंगप्रयात. इथे अक्षराला वजन येतं ते दीर्घ स्वराने किंवा पुढच्या जोडाक्षराने.

इंग्रजीत वजन येतं आघाताने. स्वर लांब की आखूड याला तिथे दुय्यम स्थान. फ्रॉस्टची पहिली ओळ देवनागरीत लिहा: 'हूज वुड्ज दीज आर आय थिंक आय नो'. मराठी सवयीने वाचलं तर 'दीज' आणि 'आय' जड होतात, कारण स्वर दीर्घ. प्रत्यक्षात ठोका पडतो वुड्ज, आर, थिंक, नो यांच्यावर. पुढच्या ओळीत याच्या उलट गंमत आहे. 'हिज हाउस इज इन द व्हिलेज दो' मधला 'व्हि' आपल्या मोजणीत लघु, पण इंग्रजी ठोका बरोबर त्याच्यावर. हे एकदा समजलं की अर्धी लढाई संपली. देवनागरीत उतरवून वाचायची सवय सोडा, कारण आपल्या लिपीत सगळी अक्षरं सारख्याच तोऱ्यात उभी राहतात.

करायचं असं: पहिल्या झेरॉक्सवर प्रत्येक ओळीतले उच्चारखंड (सिलॅबल) मोजून उजवीकडे आकडा लिहा. मग बोटाने टेबलावर ठोका देत वाचा, ठोका पडेल तिथे वर तिरकी रेघ. फ्रॉस्टच्या सोळाही ओळींत आठ खंड आणि चार ठोके, हलका-जड, हलका-जड. याचं नाव आयँबिक टेट्रामीटर, पण नाव शेवटी सांगा, आधी आकडे दाखवा. आकडे सारखे येत राहिले तर प्रश्न असा: इतक्या शिस्तीत चालणारी कविता थांबण्याबद्दल का आहे? आकडा मध्येच बिघडला तर जास्तच बरं. बिघडतो तिथेच बोलण्यासारखं काही असतं. ओवेनच्या कवितेत थकलेले सैनिक रखडत चाललेत, आणि नवव्या ओळीत 'गॅस! गॅस! क्विक, बॉइज!' असे सलग ठोके आदळतात. रांग मोडते आणि वृत्तही मोडतं.

यमक मोजायला पाच मिनिटं लागतात आणि फळ मोठं मिळतं. फ्रॉस्टच्या पहिल्या कडव्यात यमकं क-क-ख-क. तिसऱ्या ओळीचं 'ख' एकटं पडतं आणि पुढच्या कडव्याचं मुख्य यमक होतं: ख-ख-ग-ख. मग ग-ग-घ-ग. प्रत्येक कडवं पुढच्यासाठी एक धागा सोडून जातं. चौथ्या कडव्यापुढे कडवं नाही, मग धागा कुठे बांधायचा? फ्रॉस्ट चारही ओळी एकाच यमकात घेतो आणि शेवटची ओळ जशीच्या तशी पुन्हा म्हणतो. रचनेतली अडचण सुटते, आणि पहिल्यांदा निव्वळ अंतराबद्दल वाटलेली झोपेआधीची ओळ ('अँड माइल्स टु गो बिफोर आय स्लीप') दुसऱ्यांदा म्हटल्यावर आणखी कशाबद्दल तरी वाटू लागते. कशाबद्दल, यावर वर्ग भांडू दे. आपल्याकडे या ओळी भाषणांत 'पुढे चालत राहा' म्हणून वापरून गुळगुळीत झाल्यात. तो अर्थ चूक आहे असं नाही, पण कवितेतला माणूस अजून हललेला नाही हे त्यात विसरलं जातं.

मुक्तछंद असेल तर ठोक्यांऐवजी शब्द मोजा. 'व्हीलबॅरो'च्या चार जोड्यांत दरवेळी तीन शब्द, मग एक. पुन्हा तीन, मग एक. गाडीचा दांडा आणि पुढे छोटं चाक, असं म्हणणारे आहेत. पटो न पटो, तीन-एक हा आकडा कागदावर आहे आणि तो कोणालाही दाखवता येतो.

मराठीत उतरवून बघा

तिसरा दिवस, दोन तास. भाषांतर छापायचं नाही, वर्गात वाचायचंही नाही. ते चाचणीसाठी. भाषांतर करताना जिथे पेन थांबतं, तिथे मूळ कवितेत काहीतरी घडत असतं.

'व्हीलबॅरो'वरच करून बघू. पहिल्याच शब्दाला अडचण. हातगाडी म्हटलं की डोळ्यांपुढे भाजीवाल्याची चार चाकांची गाडी येते. ही बांधकामावर वाळू वाहणारी एकचाकी. ढकलगाडी म्हणावं तर रंग, आकार काहीच दिसत नाही. मूळ शब्द मात्र कवीने दोन ओळींत तोडलाय: आधी 'व्हील', खालच्या ओळीत 'बॅरो'. पुढे 'रेन' आणि 'वॉटर' यांचंही तेच. रोजचा शब्द तोडला की त्यातले दोन तुकडे वेगळे दिसतात, चाक दिसतं, पाऊस दिसतो. मराठीत 'पावसाचं पाणी' आधीच दोन शब्द आहेत, तिथे तोडायला काही उरत नाही.

'ग्लेझ्ड' अडेल असं वाटतं, पण त्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: झिलई. पावसाने गाडीवर झिलई चढवलीय. आणि झिलई म्हटल्याबरोबर लक्षात येतं की मूळ शब्द बरणी, चिनी माती, कारागिरीचा आहे. पावसाने ओली झालेली गाडी क्षणभर कोणीतरी घडवलेल्या वस्तूसारखी दिसते.

खरी अडचण वाक्यरचनेची. 'सो मच डिपेंड्स', आणि खालच्या ओळीत एकटाच 'अपॉन'. कशावर? वाचणारा एक मोकळी ओळ ओलांडेपर्यंत लोंबकळतो. मराठीत 'वर' हा शब्द नामाच्या मागून येतो आणि त्याला चिकटतो: गाडीवर. आधी गाडी, मग वर, मग अवलंबून. 'अपॉन' म्हणून वाट बघायला लावणं आपल्या व्याकरणात बसतच नाही. तुमच्या भाषांतराची पाच रूपं करा, पाचही फसतील. सेमिनारला सांगायचं ते हेच, की कुठे फसली आणि का.

पाउंडच्या दोन ओळींत हाच प्रयोग 'अ‍ॅपरिशन'वर करा. भास? आभास? भूत? दर्शन? चारही मराठी शब्द वेगवेगळ्या दिशेला ओढतात आणि मूळ शब्दात चौघांनाही थोडी थोडी जागा आहे. तिथे 'सारखे' हा शब्दही नाही. चेहरे पाकळ्यांसारखे आहेत असं कवी म्हणत नाही, नुसतं एकाखाली एक ठेवतो.

'द वेस्ट लँड'चा तुकडा वाट्याला आला तर

शेवटच्या भागात मेघगर्जना 'दत्त, दयध्वम्, दाम्यत' म्हणते आणि कविता 'शांतिः' तीनदा म्हणून थांबते. हे बघितलं की आपल्याकडे छाती फुगते आणि सेमिनार 'भारतीय तत्त्वज्ञानाचा पाश्चात्त्यांवरील प्रभाव' या रस्त्याला लागतो. तो रस्ता बंद करा. बृहदारण्यक उपनिषद काढा. प्रजापती तिघांनाही एकच अक्षर सांगतो, 'द'. देव त्यातून दाम्यत (स्वतःला आवरा) समजतात, माणसं दत्त (द्या), असुर दयध्वम् (दया करा). उपनिषदातला क्रम दाम्यत, दत्त, दयध्वम्. एलियटचा क्रम दत्त, दयध्वम्, दाम्यत. देवांचा शब्द त्याने शेवटी का नेला? माणसांचा पहिला का आणला? हा प्रश्न संस्कृत-मराठीशी ओळख असलेल्या विद्यार्थ्याला जितका सहज सुचतो तितका इतरांना सुचत नाही.

त्याच भागात नदीचं नाव 'गँजेस' नाही, 'गंगा' आहे. इंग्रजी कवितेत, इंग्रजी रूढ नाव हाताशी असताना. ती आटली आहे आणि पानं पावसाची वाट बघतायत. नाशिकचा माणूस गोदावरीलाच गंगा म्हणतो आणि मे महिन्यात तिचं पात्र कसं दिसतं ते त्याला सांगावं लागत नाही. पण इथे सांभाळा: स्वतःची गंगा कवितेत घुसवू नका. इंग्रज वाचकाला ते नाव परकं वाटत असणार आणि आपल्याला घरचं. एकच शब्द दोन वाचकांना उलट दिशांना नेतो, हा मुद्दा पुरेसा आहे. तिसऱ्या भागाचं शीर्षक 'द फायर सर्मन' बुद्धाच्या उपदेशावरून आलंय. ते मात्र एका वाक्यात सांगून पुढे जा.

एलियटने पुस्तकासाठी स्वतःच टिपा जोडल्या. त्या उत्तरं देतात असं वाटतं, पण देतात बहुतांशी ग्रंथांची नावं. टीप वाचून ओळ सोडून दिलीत तर कविता हातची गेली.

मर्ढेकरांशी तुलना करायचा मोह होईल. 'पिपात मेले ओल्या उंदिर' आणि एलियटच्या गल्लीतले उंदीर शेजारी ठेवता येतात. ठेवा, पण प्रभाव सिद्ध करायला जाऊ नका. पंधरा मिनिटांत ते होत नाही. दोघांचे उंदीर कोणत्या वृत्तात, कोणत्या क्रियापदासोबत येतात, तेवढं बघा.

बोलणारा कोण, आणि कवीचं चरित्र किती

कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे. याला सगळ्यात सोपा पुरावा एलियटची 'प्रूफ्रॉक' ही कविता. टक्कल पडू लागलेला, आपण म्हातारे होतोय म्हणणारा तो माणूस लिहिताना एलियट विशीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होता. कविता छापून आली १९१५ मध्ये. तेव्हा 'कवी म्हणतो' ऐवजी 'बोलणारा म्हणतो' लिहा. मराठीत 'निवेदक' चालेल.

चरित्र आणि इतिहास पाचव्या दिवशी वाचा, आधी नाही. कसोटी अशी: ही माहिती दिल्याने कुठली ओळ बदलते? ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदीच्या एक आठवडा आधी मारला गेला. ऐकणारा हळहळतो, ओळ बदलत नाही. शीर्षकातलं लॅटिन वाक्य रोमन कवी होरेसचं आहे आणि देशासाठी मरणं गोड असतं असं ते सांगतं, याने मात्र शेवटच्या चार ओळी पूर्ण बदलतात. दुसरी माहिती ठेवा, पहिली फार तर एका उपवाक्यात.

केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न देता कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी काय लिहून आणलं त्याचा अभ्यास १९२९ साली छापला. चांगले शिकलेलेही किती ठरावीक जागी घसरतात ते त्यातून दिसलं. घसरायच्या जागा आजही त्याच आहेत. लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे शांती, अशी प्रतीकांची बाराखडी. 'आधुनिक माणसाचं एकाकीपण' हे वाक्य. ते कुठल्याही कवितेला लावता येतं, म्हणून ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. तुमच्या लिखाणातलं प्रत्येक वाक्य या चाळणीतून काढा: हे दुसऱ्या दहा कवितांबद्दलही खरं आहे का? असेल तर खोडा.

चॅटबॉटची मदत घेणाऱ्यांना वेगळी सूचना: तो कवितेत नसलेल्या ओळी अगदी त्याच कवीच्या थाटात देऊ शकतो. छापील कागदावर ओळीचा आकडा सापडल्याशिवाय एकही अवतरण वापरू नका.

पंधरा मिनिटांचा हिशेब

दुसऱ्या भाषेत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. कवितेचं वाचन आणि प्रश्न वगळले तर दहा मिनिटं उरतात, म्हणजे हजारेक शब्दांपेक्षा जास्त लिहूच नका. पहिली दोन मिनिटं कविता वाचा, उभं राहून, कागदाकडे बघत. पाठ म्हणू नका, पाठ म्हणताना ओळी सपाट होतात. एका मिनिटात तुमचं म्हणणं एका वाक्यात. त्या वाक्यात 'पण' किंवा 'तरी' आलं तर चांगलं लक्षण: 'कविता वृत्तात अजिबात थांबत नाही, तरी ती थांबलेल्या माणसाची आहे.' पुढची नऊ मिनिटं तीन जागांना, प्रत्येकी तीन. शेवटची तीन प्रश्नांना सोडा. ती जवळजवळ नेहमीच भाषणात खर्ची पडतात, म्हणून बारा मिनिटांचा गजर लावून ठेवा.

सुरुवात 'एलियटचा जन्म १८८८ साली' अशी झाली की चार मिनिटं गेलीच म्हणून समजा.

लेखी द्यायचं असेल तर एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत तीन ओळींपर्यंतचं अवतरण परिच्छेदातच, ओळींमध्ये दोन्ही बाजूंनी मोकळी जागा सोडून तिरकी रेघ. कडवं बदललं की दोन रेघा. तीनपेक्षा जास्त ओळी असतील तर वेगळ्या, अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. कंसात पान क्रमांक नव्हे, ओळीचा क्रमांक.

हातकागद एकच. पुढे आकडे टाकलेली कविता, मागे तीन प्रश्न. दहा-बारा जणांचा गट असेल तर प्रत्येकाला प्रत मिळेल इतक्या झेरॉक्स काढा. तिघांत एक कागद असला की दोघं खिडकीबाहेर बघतात.

भाषेबद्दल: मांडणी इंग्रजीत करावी लागेल, पण अडलात तर एक वाक्य मराठीत बोलून परत इंग्रजीवर या. गप्प राहून घामाघूम होण्यापेक्षा ते बरं. बहुतेक शिक्षक त्याला हरकत घेत नाहीत. आधी विचारून ठेवा.

तुमची बारी नसताना

सेमिनार पडतो तो बोलणाऱ्यामुळे कमी, ऐकणाऱ्यांमुळे जास्त. 'छान होतं' हा प्रश्न नव्हे. 'कवीला काय संदेश द्यायचाय?' हाही नव्हे, त्याला उत्तर एकच असतं आणि ते गाइडात असतं.

प्रश्न सुचत नसेल तर कवितेतली एक गोष्ट हलवा आणि काय बिघडतं ते विचारा. पाउंडच्या कवितेचं शीर्षक काढलं तर? चेहरे कुठल्या गर्दीतले हे कळणारच नाही, म्हणजे शीर्षक ही तिथे तिसरी ओळ झाली. येट्सच्या 'सेकंड कमिंग'ची दोन कडवी आठ आणि चौदा ओळींची आहेत. दुसऱ्यातली एक ओळ कमी केली तर? तेरा. मग चौदाच का, सुनीताची (सॉनेटची) सावली आहे का तिथे, यमकं तर जुळत नाहीत. ओवेनने दुसऱ्या यमकाच्या जागी 'ड्राउनिंग' हाच शब्द परत आणलाय; तिथे नवा शब्द टाकला तर काय गमावतं? विल्यम्सच्या गाडीशेजारच्या कोंबड्या पांढऱ्या नसून तांबड्या असत्या तर? वर्गात कोणीतरी हसेल. हसू द्या, आणि मग बोलणाऱ्याला शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचायला सांगा.